पठारावरचा बटाटा

बटाटा मुळात दुष्काळ सोसणारे पीक नाही. त्याची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात. ओल कमी झाली की पानांवरची रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कर्बवायूही आत येत नाही आणि वाढ खुंटते. बटाटे धरताना किंवा फुगताना पावसाने उघडीप दिली, तर नुकसान भरून निघत नाही. तरीही पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार ओळखले जाते ते पावसावरच्या खरीप बटाट्यासाठी, आणि पूर्वेकडच्या लोणी-धामणीच्या अवर्षणप्रवण शिवारांतही हे पीक घेतात.

पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आलेला बटाटा एकोणिसाव्या शतकात खेड-जुन्नरच्या शेतीत रुजला. या भागाची जमेची बाजू म्हणजे उंची. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या वर रेंगाळले की झाड पाला माजवते, बटाटे मात्र कमी धरते. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत पठार थंड राहते आणि पानांतून पाणीही कमी उडते. खरिपात शेतकरी अख्खे बेणे लावतात, कारण कापलेली फोड ओल्या मातीत कुजते. अख्ख्या बेण्यात कोंबापुरते पाणी आणि अन्न असते, त्यामुळे उगवणीपर्यंतची छोटी उघडीप निभावते. पुढची नाही.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाट्याच्या लागवडीचा अभ्यास 1920 मध्ये प्रसिद्ध केला. तांबेरा म्हणून शेतकरी ज्याला दोष देत, तो रोग बुरशीचा नसून सूक्ष्म कोळ्यांचा आहे, हेही याच मंडळींनी त्या वर्षी दाखवले. त्याआधी, 1906 च्या सुमारास, इटलीहून मागवलेल्या बेण्याबरोबर बटाट्यावरचा पतंग मुंबई इलाख्यात शिरला होता. कोरड्या हवेत जमीन भेगाळली की तो थेट बटाट्यापर्यंत पोचतो. वरंब्याला मातीची भर देण्याचे काम म्हणूनच दुहेरी: ओल टिकते आणि किडीची वाट बंद होते.

वाणांचा प्रश्न मात्र बरीच वर्षे रेंगाळला. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पठारी प्रदेशासाठी ‘कुफरी लवकर’ हा वाण प्रसारित केला तो 1972 मध्ये, म्हणजे नेमका महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी. हा वाण दुष्काळ सोसत नाही, चुकवतो: बटाटे लवकर फुगवतो आणि पाऊस सरायच्या आत काढणीला येतो. 2006 मधल्या ‘कुफरी सूर्या’चा भर उष्णता सोसण्यावर आहे. उष्णता आणि पाण्याचा ताण बहुधा एकत्रच येतात, तरी एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

डिंभे धरणाने घोड नदीच्या खोऱ्यात बागायत वाढवली; लोणी-धामणीची उंचावरची शिवारे मात्र कालव्याच्या वरच राहिली. तिथे रब्बीची लागवड विहिरीला किती पाणी आहे ते पाहून ठरते, आणि पावसाळा कोरडा गेला की बटाट्याच्या जागी ज्वारी पेरली जाते.