पुण्याची दुर्बीण

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका तरुण व्याख्यात्याच्या कामासाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने त्यात तेवढीच रक्कम घातली. प्रकाशाचे पृथक्करण करून पदार्थ ओळखण्याची एक प्रयोगशाळा कॉलेजात उभी राहावी, एवढाच तेव्हाचा बेत होता. त्या दहा हजारांतून पुढे पुण्यात वेधशाळा उभी राहिली आणि तिच्यातली दुर्बीण कित्येक दशके देशातली सर्वांत मोठी दुर्बीण ठरली.

त्या व्याख्यात्याचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७चा. १८७८ साली पदार्थविज्ञान आणि रसायन घेऊन एम. ए. झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलपतिपदक त्यांनी मिळवले. ज्या विषयाने त्यांना झपाटले तो तेव्हा अगदी ताजा होता. किर्खहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९च्या सुमारास दाखवून दिले होते की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात त्याच्या ठरलेल्या जागी ठरलेल्या रेषा असतात. म्हणजे सूर्य कशाचा बनला आहे हे सांगायला सूर्यावर जायची गरज उरली नाही. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. तिथे ताऱ्यांसारखा अखंड रंगपट्टा नव्हता, मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. तो मेघ वायूचा होता. आज कॉलेजात खगोलशास्त्राची तोंडओळख करून घेणारा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांत जे शिकतो, ते नायगमवालांच्या पिढीसमोर घडत होते.

१८८४ साली ते उपकरणे घ्यायला इंग्लंडला गेले. तिथल्या ज्योतिर्विदांनी त्यांचे मन वळवले. नुसती प्रयोगशाळा कशाला, ताऱ्यांचा प्रकाश तपासणारी वेधशाळाच उभारावी, असे ठरले. मुंबईची दमट हवा या कामाला सोयीची नव्हती. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, पावसाळा सोडला तर कोरडे, शिवाय तिथे सरकारी सायन्स कॉलेज होते. नायगमवाला १८८५ साली त्या कॉलेजात आले. मुळा-मुठेच्या संगमाजवळचे हे कॉलेज म्हणजे आजचे सीओईपी.

पश्चिम हिंदुस्थानात आकाशाचा अभ्यास कॉलेजात शिरला तो याच्या पन्नास वर्षे आधी. कुलाब्याची वेधशाळा कंपनी सरकारने १८२०च्या दशकात बांधली आणि एल्फिन्स्टनच्या अध्यापकांचा तिच्याशी लवकरच संबंध आला. गणित आणि ज्योतिष शिकवणारे ऑर्लेबार तिथले काम पाहत. बाळशास्त्री जांभेकर त्याच संस्थेत शिकवत आणि काही काळ वेधशाळेचा कारभारही त्यांच्याकडे होता. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, कोवळ्या वयात कुलाब्याला नोकरीला लागले आणि तिथेच वेध घ्यायला शिकले. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली आणि त्या गणिताच्या आधारे पटवर्धनी पंचांग निघू लागले. डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी होते. केरूनाना १८८४ साली वारले, नायगमवाला पुण्यात आले त्याच्या आदल्या वर्षी.

या दोघांच्या मध्ये एक विद्या संपते आणि दुसरी सुरू होते. केरूनानांचे ज्योतिष गणिताचे होते. ग्रह कुठे आहे, ग्रहण केव्हा लागेल, तिथी कधी बदलेल, हे ते सांगे. तारा कशाचा बनला आहे हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हता. नायगमवाला आपल्या विषयाला खगोलभौतिकी म्हणत आणि कॉलेजात त्याच विषयाचे प्राध्यापक म्हणून ओळखले जात. हिंदुस्थानातल्या एखाद्या कॉलेजात या नावाने प्राध्यापक असणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

वेधशाळा १८८८ साली तयार झाली. दात्याच्या नावाने तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा म्हणू लागले. तिचे मुख्य उपकरण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात बनलेली २० इंची परावर्ती दुर्बीण, म्हणजे अर्ध्या मीटर व्यासाच्या आरशाची. त्या काळचे असे आरसे काचेवर चांदीचा पातळ थर देऊन बनवत. दमट हवेत तो थर काळवंडतो, मग चांदी उतरवून पुन्हा चढवावी लागते. पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले. दिवसा वर्ग आणि रात्री दुर्बीण, असे हे जगणे होते, आणि अशा वेधशाळेत एका माणसाच्या मेहनतीवर किती भार पडतो हे यावरून समजते.

पहिला ठळक निष्कर्ष १८९१ साली आला, तोही त्या वेळच्या मोठ्या वादात. मृग नक्षत्रात, तीन ठळक ताऱ्यांच्या खाली, एक अंधुक तेजोमेघ आहे. त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेषा ठळक दिसते. ती कोणत्या मूलद्रव्याची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नॉर्मन लॉकियर म्हणजे इंग्लंडमधले मोठे प्रस्थ, ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक. त्यांचे म्हणणे होते की विश्वातले सगळे तेजोमेघ उल्कांच्या थव्यांचे असतात आणि ही हिरवी रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड. तसे असते तर रेषा एका बाजूला विरत गेलेली दिसायला हवी होती. पुण्याच्या दुर्बिणीतून नायगमवालांना ती दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली, आणि त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात तसे लिहिले. हगिन्स आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कीलर यांचे वेधही लॉकियरविरुद्धच जात होते. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हा उलगडा आयरा बोवेन यांनी १९२७ साली केला. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत मिळणार नाही इतक्या विरळ वायूतच ती उमटते. रेषेचे नाव पुण्यात कळले नाही, पण चुकीचे नाव खोडायला पुण्याचा हातभार लागला, आणि विज्ञानात हे काम कमी मोलाचे नसते.

त्याच काळात, त्याच शहरात, टिळक मृग नक्षत्रावरच लिहीत होते. वेदांतल्या उल्लेखांवरून वसंतसंपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे जातो तो बिंदू, मृगशीर्षात असल्याचा काळ त्यांनी काढला आणि १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच नक्षत्राकडे पुण्यातले दोन विद्वान दोन वेगळ्या प्रश्नांनिशी पाहत होते. त्या दशकातले पुणे किती भरलेले होते हे यावरून दिसते.

मग आले १८९८. त्या वर्षी २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहण होते आणि चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर चढून देश, विदर्भ ओलांडत ईशान्येकडे जाणार होती. जानेवारीचे निरभ्र आकाश आणि रेल्वेची सोय, त्यामुळे जगभरचे ज्योतिर्विद इकडे निघाले. काळ मात्र वाईट होता. आदल्या वर्षी दुष्काळ होऊन गेला होता, मुंबई-पुण्यात प्लेग होता आणि पुण्यातला प्लेगवरचा अधिकारी रँड याच्या खुनाला अवघे सात महिने झाले होते. तरीही रुळांच्या कडेने तळ पडले. वर्ध्याजवळ पुलगावला इंग्रजांचा एक तळ होता. विदर्भातल्याच तळणीला ब्रिटिश हौशी ज्योतिर्विदांच्या संघटनेचा दुसरा. तळणीला ॲनी माँडर यांनी आपल्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्यापासून त्याच्या त्रिज्येच्या अनेक पट लांब गेलेला किरीटाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचा, झोत टिपला. त्याच तळावर जॉन एव्हरशेड नावाचे इंग्रज निरीक्षक होते.

लॉकियर स्वतः विजयदुर्गच्या किल्ल्यावर उतरले. आरमाराच्या ‘मेल्पोमीन’ जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे कोकणात अभिमानाने सांगतात आणि किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याची खूण म्हणून दाखवतात. हेलियमची पिवळी रेषा ज्या १८६८च्या ग्रहणाशी जोडली जाते त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहण्याची युक्ती त्यांनी तिथेच साधली. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी. तोवर रॅम्से यांनी हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून वेगळाही काढला होता. किल्ल्याचे खरे महत्त्व १८९८चे आहे, आणि ते पुरेसे आहे.

नायगमवालांनी निवडले सोलापूर जिल्ह्यातले जेऊर, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे करमाळा तालुक्यातले गाव. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल यांनीही आपला तळ जेऊरलाच ठोकला होता. आइन्स्टाइनचा प्रकाश वळण्याचा सिद्धांत १९२२च्या ग्रहणात ज्यांनी पक्का केला तेच हे कॅम्बेल. त्यांच्या शेजारी एका हिंदी शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली, हिंदी कॉलेजच्या वेधशाळेचा तळ उभा होता. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्यातही सूर्यबिंब झाकले जाते त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा एकदम उजळतात आणि काही सेकंदांत विझतात. सूर्याच्या तबकडीवरचा पातळ थर तेवढ्यापुरता एकटा दिसतो. हे टिपायला महिनोन्महिने तयारी लागते, आणि हात चुकला तर पुढच्या ग्रहणापर्यंत थांबावे लागते. जेऊरच्या तळाने ते काम केले आणि नायगमवालांचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेतला पहिला खंड म्हणून १९०२ साली मुंबईत छापून निघाला.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. दुर्बीण आणि बाकीची सामग्री कोडाईकनालच्या सौरवेधशाळेकडे पाठवण्यात आली. तिथे संचालक होते तळणीचे तेच एव्हरशेड, सूर्यडागांतल्या वायूच्या प्रवाहाच्या शोधामुळे तोवर जगभर नावाजलेले. सामग्री जाणकाराच्या हाती पडली हे खरेच, पण पुण्याचे नुकसान त्याने भरून निघाले नाही.

असे का व्हावे? वेधशाळा एका माणसाभोवती उभी होती. त्याच्यामागे जागा चालवील असा मदतनीस तयार झाला नव्हता. कॉलेजही बदलत होते. शेतकीचे शिक्षण स्वतंत्र कॉलेजात गेले होते आणि १९११ साली संस्थेचे नाव इंजिनियरिंग कॉलेज झाले. पूल आणि रस्ते बांधणारे अधिकारी हवे असलेल्या सरकारला तेजोमेघांच्या रेषांचा उपयोग दिसला नाही. ताऱ्यांच्या अभ्यासाला पदवीच्या अभ्यासक्रमात जागा असती आणि दर वर्षी दहा-बारा विद्यार्थी त्या दुर्बिणीशी रात्री जागत असते, तर १९१२ साली ती बांधून पाठवणे इतके सोपे गेले नसते.

आकाशाविषयी ऐकणारे लोक पुण्यात नव्हते असे कोणी म्हणू नये. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक. त्यांनी १८९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा आजही आधार मानला जाणारा ग्रंथ दिला. मराठीत आकाश वाचणारा वर्ग होता. इंग्रजीत नोंदी ठेवणारी वेधशाळा आणि हा वर्ग यांची गाठ पडली नाही. दुर्बीण गेल्यावर बत्तीस वर्षांनी, १९४४ साली, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, ती हौशी लोकांनी उभी केली. १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आली आणि २००६ साली जुन्नरच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली.

जेऊरचा १९०२चा अहवाल मराठीत यायला हवा. सीओईपी आणि आयुका या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. त्यांनी मिळून हे काम हाती घ्यावे, आणि करमाळ्याच्या शाळांपर्यंत ते पोचवावे.