कलकत्त्यात शिकलेली मराठी

लंडनच्या विद्यापीठात आफ्रिकेतली हौसा भाषा बोलायला शिकवत, हे सांगितलं की आमच्या लासुर्ण्यात पारावर हसतात. मी मराठीचा मास्तर, मला नवल वाटत नाही. आपली मराठीही साहेब लोक वर्गात बसूनच शिकले, तेही कलकत्त्याला!

तिथलं फोर्ट विल्यम कॉलेज १८०० साली निघालं. तीन वर्षांनी शिंदे-भोसल्यांशी लढाई झाली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कोवळ्या अंमलदारांना मराठीची गरज भासू लागली. शिकवायला विल्यम केरी. या गृहस्थानं महाराष्ट्र कधी पाहिला नाही. मदतीला पंडित वैजनाथ होते. १८०५मध्ये श्रीरामपूरच्या (आपल्या नगरचं नव्हे, हुगळीकाठचं) छापखान्यातून केरीचं मराठी व्याकरण निघालं. त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले होते. माझ्या मते खरं पुस्तक तेच. विभक्ती घोकून इंदापूरच्या बाजारात वांगी मिळत नाहीत.

व्याकरण देवनागरीत होतं, पण दप्तरांतले कागद मोडीत. म्हणून १८१०चा केरीचा कोश मोडी टायपात छापला. आमच्याकडच्या जुन्या वतनाच्या कागदांवरही मोडीच आहे, आणि आता ती वाचायला गावात कुणी नाही.