स्कोप्ये नगरीचें काँक्रीट

प्रवाशाच्या खिशांत द्रव्य बेताचें असलें म्हणजे त्यास पायीं हिंडावें लागतें, आणि त्यामुळेंच पुष्कळ कांहीं दिसतें. एका रात्रीच्या मुक्कामाचें भाडें वांचवावें म्हणून आम्ही बेलग्रेडहून रात्रीच्या बसनें निघालों व पहाटे उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानींत, स्कोप्ये येथें, उतरलों. तेथील बसस्थानक रेल्वेस्थानकाच्या खालींच आहे. मान वर करून पाहतों, तों भल्याथोरल्या काँक्रीटच्या खांबांवर फलाट तोललेले! काँक्रीट सांच्यांतून निघालें तसेंच उघडें ठेवावयाचें, ही ब्रुटॅलिस्ट शैलीची रीत. तें रूप आम्हांस प्रथम रुक्षच वाटलें.

तेथून चालत आम्ही जुन्या रेल्वेस्थानकाशीं गेलों. त्याच्या भग्न दर्शनी भिंतीवरील घड्याळ पांच वाजून सतरा मिनिटांवर थांबलेलें आहे. २६ जुलै १९६३ रोजीं पहाटे त्या वेळीं भूकंप झाला. हजाराहून अधिक माणसें मेलीं व शहरांतील बहुतेक लोक बेघर झाले. युगोस्लाव्हियाचें हें समाजवादी शहर. परंतु ऐन शीतयुद्धांत अमेरिका व रशिया दोघेहि त्याच्या साह्यास धांवले. रशियानें घरांच्या तयार भिंती ओतण्याचा कारखाना दिला, पोलंडनें कलासंग्रहालय बांधून दिलें. संयुक्त राष्ट्रसंघाच्या साह्यानें १९६५ सालीं नगररचनेची स्पर्धा झाली. तींत पहिल्या पारितोषिकाचा मोठा वाटा हिरोशिमाच्या शांति-उद्यानाचे रचनाकार केन्झो टांगे यांस मिळाला. आम्ही उतरलों तें, १९८१ सालीं पुरें झालेलें, स्थानक त्यांचेंच.

वर्दार नदीकांठीं यांको कोन्स्तान्तिनोव्ह यांनीं बांधलेलें टपालगृह आहे. त्याचें पाकळ्यांच्या घाटाचें दालन २०१३ सालीं आगींत सांपडलें. इतर कित्येक इमारतींच्या नशिबीं निराळेंच आलें. ‘स्कोप्ये २०१४’ या सरकारी योजनेंत त्यांच्या उघड्या भिंतींवर पुरातन घाटाचे खांब व शुभ्र मुखवटे चढविण्यांत आले. शहरमध्यांतील १९७३ सालच्या व्यापारी संकुलाविषयीं २०१५ सालीं लोकमत घेतलें, तेव्हां त्याचा मूळ चेहरा राखावा असें मोठें बहुमत पडलें. परंतु निम्मेहि मतदार न आल्यानें तो कौल बंधनकारक ठरला नाहीं.

आपलें नगर देखणें दिसावें, ही इच्छा कांहीं वाईट नव्हे. शिवाय हें काँक्रीट एकपक्षीय राजवटींत उभें राहिलें, हेंहि खरें. पण परस्परांचे वैरी एका संकटग्रस्त नगरासाठीं एकत्र आले, याची ती पावती आहे. पावती झांकली म्हणून ऋण फिटत नाहीं.