ओळख पटणे आणि ओळख होणे

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी ठेवणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. आणलेले मासे मोजके असतात; पण काही आठवड्यांनी काचेवर, वाळूत, दगडांच्या खाचांत न आणलेले जीव दिसू लागतात. कुठे सरकणारा पांढुरका ठिपका, कुठे सुईच्या टोकाएवढा कवचधारी. समुद्रातल्या दगडांबरोबर, शेवाळाबरोबर ते नकळत आलेले असतात. 'हे काय आहे?' हा प्रश्न मग टळत नाही. ह्या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो जितका प्राणिशास्त्राचा तितकाच नाव देण्याच्या मानवी खटाटोपाचाही आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते, ते ह्याच कारणाने.

समुद्राचे पाणी घरात जिवंत ठेवण्याचा छंद इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजला. अ‍ॅना थिन ह्या बाईंनी 1846 नंतर लंडनच्या घरात प्रवाळ जगवले. पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम घरच्या नोकरांकडे असे. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस ह्यांचे 'द अक्वेरियम' प्रसिद्ध झाले आणि छंदाची लाट आली. 1856 च्या उन्हाळ्यात जॉर्ज हेन्री ल्यूइस डेव्हन किनाऱ्यावरील इल्फ्राकोम्ब येथे समुद्रजीव गोळा करीत होते. त्यांच्याबरोबर मेरियन एव्हान्स होत्या. भाड्याच्या खोल्यांत बरण्या आणि बशा समुद्रफुलांनी भरून गेल्या. वस्तूंची नावे जाणून घेण्याची एवढी तीव्र ओढ पूर्वी कधी वाटली नव्हती, अशा आशयाची नोंद मेरियनबाईंनी त्या मुक्कामाविषयी केली आहे. धूसरतेतून स्पष्टतेकडे जाण्याच्या आपल्या वाढत्या वृत्तीचाच तो भाग आहे, असे त्यांना वाटले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी पहिली कथा लिहावयास घेतली आणि पुढे त्या जॉर्ज एलियट ह्या नावाने ओळखल्या गेल्या. नाव कळले की वस्तू स्पष्ट होते, हा विश्वास वास्तववादी कादंबरीच्या पायाशी आहे.

हा विश्वास किती टिकतो, हे पाहण्यासाठी आपल्याला इंग्लंड सोडून ऑस्ट्रियातील ग्राझ ह्या शहरात जावे लागते. 1883 मध्ये तेथील प्राणिशास्त्र संस्थेच्या समुद्री मत्स्यालयात फ्रान्त्स आइलहार्ड शुल्त्से ह्यांना काचेला चिकटून सरकणारा एक चपटा जीव आढळला. रुंदी एखाद-दोन मिलिमीटर. तोंड नाही, आतडे नाही, मज्जातंतू नाहीत. उजवे-डावे नाही, पुढचे-मागचे नाही. चालता चालता आकार बदलतो आणि खालच्या शेवाळावर पाचक रस सोडून अन्न पोटाशिवायच शोषून घेतो. शुल्त्से ह्यांनी त्याला 'ट्रायकोप्लॅक्स अ‍ॅडहेरेन्स' म्हटले. अर्थ साधा आहे: चिकटणारी केसाळ चकती. जे दिसले तेवढेच ह्या नावात आहे. हा जीव कोणाचा कोण, ह्याचा दावा त्यात नाही.

1907 मध्ये थिलो क्रुंबाख ह्यांनी तो दावा केला. ट्रायकोप्लॅक्स हा स्वतंत्र प्राणी नसून जेलीफिशच्या कुळातील एल्यूथेरिया ह्या प्राण्याचे डिंभ, म्हणजे अपक्व रूप आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोडे सुटल्यासारखे झाले. शुल्त्से ह्यांनी 1914 मध्ये लेखी प्रतिवाद केला, पण पाठ्यपुस्तकांनी सोयीचे उत्तर उचलले होते. 1921 मध्ये शुल्त्से निवर्तले. हा जीव मत्स्यालयांच्या काचांवर सरकतच राहिला असणार. परंतु शास्त्राची नजर जवळजवळ अर्धशतक त्याच्याकडे वळली नाही. ज्याचे उत्तर मिळाले आहे त्याच्याकडे पुन्हा कोण पाहणार?

1960 च्या दशकात जर्मनीत त्याचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. कार्ल ग्रेल ह्यांनी तांबड्या समुद्रातून आलेले ट्रायकोप्लॅक्स प्रयोगशाळेत वाढवले, दीर्घकाळ पाहिले आणि 1971 मध्ये त्याच्यासाठी 'प्लॅकोझोआ' हा प्राण्यांचा एक स्वतंत्र संघच प्रस्थापित केला. ज्याला कोणाचे तरी पिल्लू ठरवले होते, तो स्वतःच एका घराण्याचा प्रतिनिधी निघाला. 2008 मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा ह्या साध्या देहात सुमारे साडेअकरा हजार जनुके असल्याचे अनुमान निघाले. मज्जासंस्था नसतानाही, इतर प्राण्यांत मज्जासंस्थेशी निगडित असलेली कित्येक जनुके त्यात होती. 2018 मध्ये दिसायला अगदी तसाच असलेला हाँगकाँगजवळचा जीव जीनोमच्या आधारे वेगळा ठरला. त्याची प्रजातीही नवी मानावी लागली. पूर्वी एका नावाने वेगळेपण झाकले होते. आता दिसण्यातील सारखेपणाने झाकलेले वेगळेपण उघडे पडले.

मराठीत 'ओळख' हा शब्द दोन क्रियापदांबरोबर दोन अर्थांनी चालतो. ओळख पटते, आणि ओळख होते. पहिली क्षणात पुरी होते आणि तेथेच थांबते. दुसरी सहवासाने वाढत जाते. 1907 मध्ये ट्रायकोप्लॅक्सची ओळख पटली आणि त्यामुळेच ओळख होणे राहून गेले. एलियटबाईंची नावाची ओढ खोटी नव्हती; मात्र स्पष्टता देणारे नाव पाहणे संपवूही शकते, ही तिची दुसरी बाजू आहे.

'डिंभ' ह्या शब्दात आणखी एक धोका आहे. एखाद्या गोष्टीला दुसऱ्या कशाचे तरी अपक्व रूप म्हटले, की तिच्या स्वतःच्या घडणीचा विचार करण्याची गरज उरत नाही. बखरीला इतिहासाचे कच्चे रूप म्हणताना, ओवीला कवितेची बाल्यावस्था म्हणताना आपण वर्गात नेमके हेच करीत असतो. विद्यार्थ्याला प्रकार ओळखता आला म्हणजे त्याने वाचले, असे आपण समजतो. प्रकाराचे नाव सांगून झाल्यावर बखरीचे पान त्याच्यापुढे पुन्हा उघडण्याचे काम आपलेच आहे.