चाळीस तास हवेत: प्रीडेटर ड्रोनची गोष्ट आणि त्याचं बिल

सोलापूरहून मी बोलतोय. हेडफोन लावायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित भाग.

आजची सुरुवात एका भागाकाराने. 15 ऑक्टोबर 2024 ला दिल्लीत एक करार झाला. जनरल अ‍ॅटॉमिक्स या अमेरिकन कंपनीची 31 एमक्यू-9बी ड्रोन भारताने घ्यायचं ठरवलं. 15 नौदलाला, 8 लष्कराला, 8 हवाई दलाला. किंमत साधारण 32,000 कोटी. म्हणजे एका ड्रोनमागे हजार कोटींच्या आसपास.

हजार कोटी म्हणजे किती ओ? जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधान सोलापुरात आले होते, तेव्हा सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचा अंदाजे खर्च साधारण तेवढाच सांगितला गेला होता. पुढे तो अंदाज बराच वाढला, ते सोडा. पण त्या वेळच्या कागदावर एक ड्रोन म्हणजे साधारण 84 किलोमीटरची रेल्वे. अर्थात हजार कोटी फक्त विमानाचे नाहीत. त्यात जमिनीवरची कंट्रोल स्टेशनं, शस्त्रं, सुटे भाग, देखभाल हे सगळं आलं. तरी प्रश्न उरतोच: एवढे पैसे आपण नक्की कशाचे देतो?

उत्तर एका शब्दात: वेळेचे.

कारगिल आठवा. मे 1999 मध्ये आपल्या हवाई दलाचं कॅनबेरा विमान डोंगरांचे फोटो काढत होतं. खालून क्षेपणास्त्र आलं, एक इंजिन निकामी झालं. वैमानिकाने एका इंजिनवर विमान श्रीनगरला उतरवलं, म्हणून जीव वाचले. मुद्दा असा की वर माणूस आहे म्हटल्यावर दोन अडचणी येतात. तो मरू शकतो आणि तो थकतो. जाऊन फोटो काढून परत यायचं, एवढंच होतं. मधल्या वेळेत खाली काय हाललं ते कुणाला दिसत नाही.

हा प्रश्न त्याआधीच एका माणसाच्या डोक्यात बसला होता. अब्राहम करेम. जन्म बगदादचा, वाढला इस्रायलमध्ये, 1970 च्या दशकात अमेरिकेत गेला आणि लॉस एंजेलिसमध्ये घराच्या गॅरेजात त्याने बिनवैमानिकाचं विमान बांधलं. नाव अल्बाट्रॉस. त्याच्या पुढच्या पिढ्यांतून प्रीडेटर आलं. पहिलं उड्डाण 1994 मध्ये, पुढच्याच वर्षी ते बोस्नियावर टेहळणी करत होतं. तेव्हा ते फक्त बघायचं. 2001 च्या फेब्रुवारीत त्याच्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र डागून बघितलं आणि त्याच वर्षी अफगाणिस्तानात ते खरोखर वापरलं. बघणारा आणि मारणारा एकच झाला, तो असा.

आपण घेतोय ते त्याच घराण्यातलं मोठं भावंडं. पंखांची लांबी 24 मीटर. लांब, सडपातळ पंख, ग्लायडरसारखे, कमी ताकदीत तरंगत राहायला. मागे प्रोपेलर फिरवणारं टर्बोप्रॉप इंजिन. ते जेटसारखं पळत नाही, पण इंधन पुरवून वापरतं. कॉकपिट नाही, ऑक्सिजन नाही, सीट नाही. ते सगळं वजन इंधनाला मिळतं. म्हणून 40,000 फुटांपर्यंत जातं आणि 40 तासांच्या आसपास हवेत राहू शकतं. शस्त्रं लटकवली की तास कमी होतात, हेही लक्षात ठेवा. जाहिरातीत दोन्ही आकडे शेजारी छापतात, पण दोन्ही एकाच उड्डाणात मिळत नाहीत.

आता बिलातल्या न दिसणाऱ्या ओळी बघू.

पहिली ओळ, माणसं. याला 'मानवरहित' म्हणतात, पण अमेरिकन हवाई दलाच्याच हिशोबाने जुनं प्रीडेटर एका जागेवर 24 तास ठेवायला साधारण 170 माणसं लागायची. वैमानिक, कॅमेरा चालवणारे, मेकॅनिक आणि तासन्‌तास व्हिडिओ बघणारे विश्लेषक. माणूस विमानातून उतरला आणि शिफ्टमध्ये गेला, बास. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री तीनला स्क्रीनवर डोळे किती चालतात, हे नाईट शिफ्ट केलेल्या कुणालाही विचारा.

दुसरी ओळ, चूक. 29 ऑगस्ट 2021, काबूल. अमेरिकन ड्रोन एका पांढऱ्या टोयोटा गाडीच्या मागावर जवळपास आठ तास होते. गाडीत काहीतरी भरलं जात होतं. स्फोटकं असावीत, असं वाटलं. हेलफायर सोडलं. दहा माणसं गेली, त्यात सात लहान मुलं. गाडीवाला एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता. पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा समोर आलं की तो ऑफिसातून घरी न्यायला पाण्याचे कॅन भरत होता. तीन आठवड्यांत पेंटागॉनने चूक मान्य केली.

पाण्याचे कॅन, मंडळी. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा आपण सगळे काय करतो? वरून बघणाऱ्याला आपणही संशयितच दिसू. आठ तास बघूनही कळलं नाही, कारण कॅमेरा गाडी दाखवतो, गाडी भरण्याचं कारण दाखवत नाही. तास वाढवले म्हणून समज वाढत नाही.

तिसरी ओळ, पाडलं तर? हे यंत्र संथ आणि मोठं आहे. ज्याच्याकडे क्षेपणास्त्र आहे त्याला ते सोपं लक्ष्य. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये येमेनच्या हुथींनी सहा आठवड्यांच्या आत अमेरिकेची सात रीपर ड्रोन पाडली. एकेकाची किंमत 3 कोटी डॉलरच्या घरात. आणि शत्रू नसला तरी यंत्र बिघडतं. आपल्या नौदलाने 2020 मध्ये भाड्याने घेतलेल्या दोन ड्रोनपैकी एक सप्टेंबर 2024 मध्ये बंगालच्या उपसागरात उतरवावं लागलं.

मग आपण स्वतः का बनवत नाही? बनवत होतो की. सोलापूरहून विजापूर रोड धरा, होस्पेटमार्गे खाली जा, चित्रदुर्ग लागेल. तिथल्या चाचणी केंद्रावर नोव्हेंबर 2016 मध्ये डीआरडीओचं रुस्तम-2 उडालं. नंतर त्याचं नाव तापस. लष्कराला हवे होते 30,000 फूट आणि 24 तास. तापस पोचलं 28,000 फूट आणि 18 तासांपर्यंत. ऑगस्ट 2023 मध्ये एक तापस चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या शेतात कोसळलं, आणि 2024 च्या सुरुवातीला बातमी आली की प्रकल्प आता प्राधान्याच्या यादीत नाही. गंमत बघा: 2011 मध्ये या अख्ख्या प्रकल्पाला मंजूर झालेले पैसे साधारण दीड हजार कोटी. म्हणजे आजच्या दोन प्रीडेटरपेक्षा कमी. सहा तास कमी पडले, हे खरं. पण ते सहा तास मिळवायला लागणारं इंजिन, सेन्सर आणि अपयश पचवायचा धीर, यावर आपण किती खर्च केला हेही खरं.

महाराष्ट्रात दुसरं टोक दिसतं. नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजच्या कंपनीने नागास्त्र-1 बनवलं. एक किलोचा स्फोटक भाग, अर्धा तास उड्डाण, जवान पाठीवरून नेऊ शकतो. लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने परत उतरवता येतं. लष्कराने अशी 480 मागवली. चाळीस तासांसमोर अर्धा तास! पण ते पडलं तर कुणी संसदेत प्रश्न विचारणार नाही.

माझं मत सांगतो. हिंदी महासागरावर जहाजांच्या हालचाली बघायला प्रीडेटर बरोबर आहे. समुद्र अफाट आहे आणि तिथे वर क्षेपणास्त्र सोडणारे कमी. पण ज्या सीमेवर समोरच्याकडे चांगली हवाई संरक्षण यंत्रणा आहे, तिथे हजार कोटी संथपणे फिरवणं परवडणारं नाही. तिथे नागपूरसारखी स्वस्त, भरपूर यंत्रं लागतील. आणि ट्रिगरच्या आधी 'खात्री कुणी केली?' याचं लेखी उत्तर दोन्हीकडे लागेल.

हे मी का सांगतोय? कारण तुमच्यापैकी बरेच जण इंजिनिअरिंगला आहात आणि ड्रोन कंपन्या आता कॅम्पसला येतायत. उद्या गाडीत पाणी आहे की स्फोटकं, हे ओळखणारा कोड तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे. इंटरव्ह्यूत पॅकेज विचाराल तेव्हा हेही विचारा: तुमचं सॉफ्टवेअर चुकलं तर ते कुणाला, किती वेळात कळतं?

काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात.