तुरुंगातले माप, चाळीतले माप

१९२३ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल प्रसिद्ध केला. कामगाराच्या वाट्याचे धान्य दुष्काळी संहितेच्या कमाल मापाएवढे भरते, परंतु तुरुंगातील कैद्याच्या मापाहून कमी पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच दशकात वरळीला बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. (त्यांतल्या काहींचा पुढे सत्याग्रहींसाठी खरोखरच तुरुंग झाला, हा योगायोगच म्हणायचा!)

अशा अर्धपोटी वस्तीत पुढे मधुमेहाची चर्चा व्हावी, हे वरकरणी विसंगत वाटते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा देहभार निर्देशांक २२.३ असा अगदी सारखा होता. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या ९.१. २००४ साली 'लॅन्सेट'ने हे छापले. आईच्या कुपोषणामुळे बाळ कमी वजनाचे, तरी चरबी राखून जन्मते आणि पुढे मधुमेह व हृदयविकाराला लवकर बळी पडू शकते, अशी याज्ञिकांची मांडणी आहे. १९२३च्या ताटातली तूट नातवंडांपर्यंत पोचली असेल काय, हा प्रश्न मला म्हणूनच अनाठायी वाटत नाही.

१९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. साच्यावर पाळीभर उभे राहणाऱ्यांची मुले पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसली. जेवणाच्या डब्याची जागा वडापावाने घेतली. सुटलेल्या पोटाला 'खात्यापित्या घरचा' म्हणणारी आपली भाषा मात्र अजून जुन्याच दुष्काळात वावरते आहे.