तिकिटाच्या जागी सही

अमेरिकेतल्या खासदाराकडून मतदाराच्या घरी जे पाकीट येतं त्यावर तिकीट नसतं. उजव्या कोपऱ्यात, तिकिटाच्या जागी, खासदाराची सही छापलेली असते आणि टपाल खातं तिच्यावरच समाधान मानतं. आत बहुधा दोन-चार पानी पत्रक असतं. कोणतं विधेयक मंजूर झालं, माजी सैनिकांनी अर्ज कुठे करायचा, पूर येऊन गेला असेल तर मदत कोणाकडे मागायची, धंदा बसला असेल तर कर्ज कोण देईल, असा सगळा मजकूर. या सहीला फ्रँक म्हणतात. टपाल खातं हे धर्मादाय करत नाही. पैसे सरकारी तिजोरीतून वळते होतात. पुण्या-मुंबईत घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्क भरताना जे ‘फ्रँकिंग’ भेटतं, ते याच घराण्यातलं लांबचं भावंड.

घराण्याचा मूळपुरुष इंग्लंडचा. 1660 साली चार्ल्स दुसरा गादीवर परतला आणि टपालाचं विधेयक पार्लमेंटपुढे आलं. सभासदांची पत्रं फुकट जावीत, असं एक कलम त्यात जोडण्याचा प्रस्ताव निघाला. हे भिकाऱ्याचं कलम आहे, सभागृहाच्या इभ्रतीला शोभत नाही, असं सभासद हेनेज फिंच यांनी सुनावलं. सभापतींना ते मताला टाकायचीसुद्धा लाज वाटली. तरी मंजूर झालं! पुढे वरिष्ठ सभागृहातल्या लॉर्डांनी ते खोडलं. ही तत्त्वनिष्ठा वगैरे काही नव्हती. कलमात लॉर्डांच्या पत्रांचा उल्लेख नव्हता, एवढंच. शेवटी कायद्यात न लिहिताच दोन्ही सभागृहांना ही सवलत देण्यात आली.

मग जे व्हायचं तेच झालं. परदेशी जाणाऱ्या टपालबोटींतून फुकट गेलेल्या ‘टपाला’ची एक जुनी यादी आहे. तिच्यात शिकारी कुत्र्यांच्या पंधरा जोड्या आहेत, राजदूताकडे धुणं धुवायला निघालेल्या दोन मोलकरणी आहेत आणि गाईसकट निघालेले एक डॉक्टरही आहेत. देशातल्या देशात सभासद कोऱ्या कागदांवर सह्या करून मित्रमंडळींत वाटत. म्हणून 1764 च्या कायद्याने पूर्ण पत्ता सभासदाने स्वतःच्या हाताने लिहायचा, असा दंडक घातला आणि खोट्या सहीला सात वर्षं हद्दपारीची शिक्षा ठेवली. 1784 मध्ये तारीख आणि गावही हाताने लिहिणं आलं. 10 जानेवारी 1840 रोजी टपालसुधारक रोलंड हिलचं एक पेनीचं टपाल सुरू झालं आणि त्याच दिवशी ब्रिटनमधली ही सवलत संपली. व्हिक्टोरिया राणीनेही आपला हक्क सोडला.

तोवर रोप अमेरिकेत रुजलं होतं. लंडनच्या राजाशी लढाई जुंपलेली असतानाच, नोव्हेंबर 1775 मध्ये, वसाहतींच्या काँग्रेसने आपल्या सभासदांना टपाल फुकट करून टाकलं. राजा नको, पण राजाच्या पार्लमेंटची सोय हवी! मात्र एका बाबतीत या सोयीला लोकशाहीचा अर्थ होता. सभासदाने पाठवलेलं पत्र फुकट जाई, तसं त्याला आलेलं पत्रही फुकट येई. त्या काळी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे, तोही पानांवर आणि अंतरावर मोजून. केंटकीच्या जंगलात राहणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या प्रतिनिधीला गाऱ्हाणं कळवायचं तर ही मोठीच सोय होती.

या सवलतीतून निघालेली पहिली गोष्ट म्हणजे छापील परिपत्र. दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे सभासद अधिवेशन संपत आलं की एक पत्र छापून घेत आणि मतदारसंघातल्या वजनदार माणसांना पाठवत. कर किती बसला, फ्रान्सशी काय बिनसलं, सरकारी जमीन कोणत्या अटींवर मिळेल, असं त्यात असे. जिथे वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथे हे पत्र हातोहाती फिरे. 1797 मध्ये मात्र रिचमंडच्या केंद्रीय न्यायालयातल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, व्हर्जिनियाचे सभासद सॅम्युअल जॉर्डन कॅबेल यांच्या परिपत्रांवर जाहीर ठपका ठेवला. ही पत्रं लोकांना सरकारविरुद्ध भडकावतात, असं ज्युरीचं म्हणणं. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी या ठपक्याविरुद्ध व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडे करायचा अर्ज स्वतः लिहिला, पण खाली नाव घातलं नाही. प्रतिनिधी आणि मतदार यांच्यातल्या पत्रव्यवहारात न्यायालयाने नाक खुपसू नये, हा त्यांचा मुद्दा. मला तो आजही बिनतोड वाटतो, आणि तो मांडणाऱ्याने नाव लपवलं याची गंमतही वाटते.

नुसत्या शब्दांवर माणूस किती दिवस भागवणार? 1836 नंतर पेटंट कार्यालयाचे प्रमुख हेन्री एल्सवर्थ यांनी देशोदेशींचं बियाणं मिळवून खासदारांच्या सहीने शेतकऱ्यांना धाडायला सुरुवात केली. 1839 मध्ये काँग्रेसने या कामासाठी आणि शेतीची आकडेवारी गोळा करण्यासाठी 1,000 डॉलर दिले. कल्पना उत्तम होती. नव्या जमिनीत कोणता गहू तगेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि चार ठिकाणी पेरून पाहायला चार ठिकाणचे शेतकरीच हवे होते. पुढे हे काम कृषी खात्याकडे गेलं आणि हळूहळू प्रयोग मागे पडून वाटपच उरलं. बाजारात कोणत्याही दुकानात मिळेल अशा मुळ्याचं, कोबीचं, फुलझाडांचं बी कागदी पुड्यांत भरून खासदारांच्या नावे दर वसंतात घरोघर जाऊ लागलं. प्रत्येक खासदाराचा पुड्यांचा कोटा ठरलेला. शहरातला खासदार आपला कोटा खेड्यातल्या खासदाराला देऊन बदल्यात दुसरं काही पदरात पाडून घेई. बियाणं विकणारे व्यापारी वर्षानुवर्षं ओरडत होते, कृषी खात्यातले शास्त्रज्ञही कंटाळले होते, पण ही पुडी बंद व्हायला 1923 उजाडलं. मतदाराच्या परसात आपल्या नावाचा कोबी उगवतोय, हे सुख कोण सोडणार?

मध्यंतरी सहीवरच गदा आली होती. टपालखात्याची तूट खासदारांच्या फुकट टपालामुळे फुगते, असा धोशा पोस्टमास्टर जनरल जॉन क्रेसवेल यांनी लावला आणि 1 जुलै 1873 पासून सवलत रद्द झाली. ती परत आली, पण तुकड्या-तुकड्याने. 1875 मध्ये सरकारी अहवाल आणि अर्थातच बियाणं, आणि 1895 पर्यंत कामकाजाची पत्रं. या येरझारीत एक गोष्ट गळाली. मतदाराने खासदाराला लिहायच्या पत्राला आता तिकीट लागतं. खासदाराला बोलणं मोफत राहिलं, मतदाराला ते राहिलं नाही. या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त खटकणारी जागा ही. हिच्यावर मात्र कोणी फारसं भांडलेलं दिसत नाही.

विसाव्या शतकात भांडण झालं ते माहिती कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो यावर. 1973 च्या कायद्याने निवडणुकीआधीचे 28 दिवस अशी घाऊक पत्रकं बंद केली. पुढे ही मुदत 60 दिवसांपर्यंत वाढली. सणाच्या शुभेच्छा या टपालाने पाठवायला मनाई झाली, हे वाचून आपल्याकडच्या दिवाळी भेटकार्डवाल्या आमदारांच्या पोटात गोळाच येईल. प्रतिनिधिगृहाच्या नियमावलीत तर खासदाराने स्वतःचा उल्लेख पानामागे जास्तीत जास्त किती वेळा करावा हेही ठरलेलं होतं : आठ. म्हणजे कार्यालयात कोणीतरी बसून ‘मी’ मोजत असणार. तरी 1988 या निवडणुकीच्या वर्षात काँग्रेसचा टपालखर्च 11 कोटी डॉलरवर गेलाच. त्यानंतर प्रत्येक सभासदाचा टपालखर्च जाहीर होऊ लागला आणि आकडा झपाट्याने खाली आला. आठाच्या नियमाने जे साधलं नाही ते हिशेब उघडा पडल्याने साधलं.

आपल्याकडे हाच प्रश्न छायाचित्राच्या रूपाने आला. सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कोणाचाही फोटो नको, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये सांगितलं. राज्यांनी फेरविचार मागितला आणि मार्च 2016 मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री पुन्हा चौकटीत आले.

माहिती आणि प्रचाराची ही सरमिसळ अमेरिकेत पुन्हा दिसली. मार्च 2020 मध्ये करोनाच्या तडाख्यात तिथे मदतीचा कायदा झाला. ठरावीक उत्पन्नाखालच्या प्रौढाला 1,200 डॉलर, प्रत्येक मुलामागे 500, छोट्या धंद्यांना पगार चालू ठेवण्यासाठी कर्ज. पैसे कोणाला आपोआप मिळतील, कर न भरणाऱ्याने काय करायचं, कर्ज माफ कधी होतं, हे खासदारांच्या पत्रकांतून लोकांपर्यंत पोचवलं जात होतं. अशा दिवसांत मी तरी त्या ‘मी’ मोजायला बसणार नाही. चार बढाया सोसून एक उपयोगाचा पत्ता मिळत असेल तर सौदा वाईट नाही. पण ज्यांना धनादेश टपालाने आले त्यांच्या धनादेशावर खाली डाव्या बाजूला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव छापलेलं होतं. कर खात्याने वाटलेल्या पैशांवर राष्ट्राध्यक्षाचं नाव येण्याची ही पहिलीच वेळ. 2021 च्या धनादेशांवर जो बायडन यांनी आपलं नाव येऊ दिलं नाही. पैसे मिळाल्याचं कळवणारं पत्र मात्र त्यांच्या सहीनेच गेलं.